ओव्याचे फूल आणि डुकराचे खाद्य

ओवा माहीत नाही असे घर महाराष्ट्रात शोधूनही सापडणार नाही. भजीच्या पिठात तो असतो, शेवेत असतो. पोट दुखू लागले की चिमूटभर ओवा मिठाबरोबर चावायला मिळतो. बाळंतिणीच्या खोलीत त्याची धुरी देतात. गुराचे पोट फुगले तर खानदेशातला शेतकरी ओवा, हिंग आणि सुंठ तेलात कालवून बांबूच्या नळीने त्याच्या घशात ओततो. ‘ओव्याचे फूल’ मात्र पुष्कळांनी पाहिलेले नसते. झाडावर छत्रीसारखे पांढरे फुलोरे येतात ते हे नव्हे. काष्ठौषधीच्या दुकानात मागितले तर दुकानदार एका लहान बाटलीतून खडीसाखरेसारखे दिसणारे पांढरे स्फटिक काढून देतो. वास ओव्याचाच, पण डोळ्यांत पाणी आणील इतका उग्र.

या स्फटिकाचे शास्त्रीय नाव थायमॉल. युरोप-अमेरिकेत डुकरांच्या खाद्यातून प्रतिजैविके बाहेर काढली जाऊ लागली, तेव्हा त्यांच्या जागी काय घालावे याचा शोध सुरू झाला. त्या शोधात जी ‘नैसर्गिक’ द्रव्ये पुढे आली त्यांत थायमॉलचे नाव अगदी वर आहे. आपल्या स्वयंपाकघरातला ओवा डेन्मार्कच्या डुकरांपर्यंत कसा पोचला, हा इतिहास आहे मोठा वळणावळणाचा. शिवाय तो नीट पाहिला तर ‘नैसर्गिक’ या शब्दाबद्दलच थोडी शंका येऊ लागते.

पुण्याच्या बाजारातले स्फटिक

प्रथम ‘फूल’ या शब्दाविषयी. जुन्या औषधी व्यवहारात पदार्थाची वाफ थंड होऊन जे बारीक, शुद्ध कण जमतात त्यांना फूल म्हणत. गंधकाचे फूल, पुदिन्याचे फूल ही त्याच जातीतली नावे. जस्त जाळले असता जी पांढरी पूड मिळते तिलाही जस्तफूल म्हणतात. (हे दुसरे फूल लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा भेटणार आहे.) ओव्याचे दाणे पाण्यात घालून भट्टी लावली की वाफेबरोबर ओव्याचे तेल वर येते. वाफ थंड करून मिळणारा अर्क थंड जागी उघडा ठेवला, तर काही वेळाने त्याच्या पृष्ठभागावर स्फटिकांचा पापुद्रा धरतो. तेच ओव्याचे फूल.

फ्ल्यूकिगर आणि हॅनबरी या दोघांनी १८७४ मध्ये वनस्पतिज औषधांवर एक प्रसिद्ध ग्रंथ लिहिला. त्यात, हे स्फटिक पुण्याच्या आणि दख्खनच्या इतर बाजारांत ‘अजवायन का फूल’ या नावाने विकले जातात, अशी नोंद आहे. म्हणजे आपल्याकडच्या अर्क काढणाऱ्यांना हा पदार्थ शुद्ध स्वरूपात वेगळा करता येत होता आणि त्याला बाजारही होता. तो रासायनिक दृष्ट्या काय आहे, हा प्रश्न तेवढा बाकी होता.

त्याचे उत्तर युरोपातल्या एका वेगळ्याच झाडाच्या निमित्ताने मिळाले. थाइम नावाचे तुळशीच्या कुळातले एक झुडूप भूमध्य समुद्राच्या परिसरात वाढते. त्याच्या तेलातून जर्मनीतल्या कास्पर नॉयमान याने १७१९ मध्ये स्फटिक मिळवले होते. लालमाँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५३ मध्ये त्यांचा अभ्यास करून त्यांना थाइमवरून थायमॉल हे नाव दिले. १८५५ मध्ये स्टेनहाउस आणि १८५६ मध्ये हेन्स यांनी ओव्याच्या फुलाची तपासणी केली आणि ते व थायमॉल एकच असल्याचे दाखवले. (हा स्टेनहाउस म्हणजे विषारी वायूंपासून बचावासाठी कोळशाचा मुखवटा तयार करणारा स्कॉटिश रसायनज्ञ.) दोन झाडे वेगळ्या कुळांतली, एक कोथिंबीर-जिऱ्याच्या आणि दुसरे तुळशीच्या, पण रेणू तोच. विद्यार्थ्यांना हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. रेणूला आपण कोणत्या झाडातून आलो हे ठाऊक नसते.

जाता जाता आणखी एक गंमत. आपण कुंडीत लावतो आणि ज्याच्या जाड, लवदार पानांची भजी करतो तो ‘पानओवा’ खऱ्या ओव्याचा कुणीही लागत नाही. तो तुळशीच्या कुळातला. पण त्याच्या पानांतही थायमॉल आणि त्याचे जुळे भावंड कार्व्हाक्रॉल ही द्रव्ये असतात. म्हणून वास ओव्याचा आणि म्हणून नावही ओव्याचे. लोकांनी नाकाच्या भरवशावर केलेले हे वर्गीकरण वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चुकीचे असले तरी रसायनशास्त्राच्या दृष्टीने फारसे चुकलेले नाही!

जंताचे औषध

थायमॉल जंतुनाशक आहे हे लवकरच लक्षात आले. जखमा धुण्यासाठी, गुळण्यांसाठी ते वापरात आले. पण त्याला खरी प्रतिष्ठा मिळाली ती अंकुशकृमीमुळे. आल्प्स पर्वत पोखरून सेंट गॉटहार्डचा बोगदा खणण्याचे काम १८७२ ते १८८१ या काळात चालले. तिथले मजूर पांढरेफटक पडू लागले, अंगात रक्त राहीना. त्यांच्या आतड्यांत अंकुशकृमी सापडले. इटलीतील बोझोलो या डॉक्टरने १८८० च्या सुमारास त्यावर थायमॉल वापरून पाहिले आणि ते लागू पडले. पुढे १९०९ पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत रॉकफेलर यांच्या देणगीतून अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम निघाली. तिचे मुख्य औषध थायमॉल हेच होते.

एवढे थायमॉल येत कुठून होते? मुख्यतः ओव्यातून, आणि ओवा भारतातून. पहिल्या महायुद्धापूर्वी आपला ओवा पोत्यांनी जर्मनीला जाई, तिथल्या कारखान्यांत त्यातून थायमॉल काढले जाई आणि तिथून ते जगभर विकले जाई. १९१४ मध्ये युद्ध पेटले, हा व्यापार एका दिवसात थांबला आणि थायमॉलचे भाव कडाडले. ज्या देशात शेकडो वर्षे ओव्याचे फूल निघत होते तो कच्चा माल पुरवत होता आणि शुद्ध रसायन परदेशातून घेत होता. वसाहतीच्या अर्थकारणाचा धडा इतिहासाच्या शिक्षकांना ओव्याच्या पोत्यातूनही शिकवता येईल.

या उपचारातली एक बारीकशी गोष्ट आपल्या पुढच्या कथेसाठी फार महत्त्वाची आहे. थायमॉल घेतलेल्या रोग्याला तेलकट पदार्थ आणि दारू यांची सक्त मनाई असे. पोट साफ करायला एरंडेल न देता विलायती मीठ देत. कारण थायमॉल पाण्यात जेमतेम विरघळते, पण तेलात आणि मद्यार्कात सहज विरघळते. विरघळले की ते आतड्यातून रक्तात शिरते. मग आतड्यातले कृमी सुखरूप राहतात आणि विषबाधा रोग्यालाच होते. म्हणजे औषध आतड्यात हवे आणि ते आतड्यातून पळून जाऊ पाहते, अशी ही अडचण होती.

अधिक सोयीची औषधे निघाली आणि थायमॉल मागे पडले. त्यांतले एक, कार्बन टेट्राक्लोराइड, १९२१ मध्ये मॉरिस हॉल या अमेरिकन पशुवैद्यकाने पुढे आणले. तेही पुढे यकृताला घातक ठरून गेले, पण ओव्याला जुनी जागा परत मिळाली नाही. नंतर पेनिसिलिनचा काळ आला आणि अर्क-काढ्यांची सगळी कपाटेच बंद झाली. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढच्याच वर्षी तिथून भारतीय पेनिसिलिन बाहेर पडू लागले.

मिसुरीची माती

आता थोडा वेळ अमेरिकेत. बेंजामिन डगर हे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक विद्यापीठातून निवृत्त झाल्यावर लेडर्ले या औषध कंपनीत दाखल झाले. जागोजागची माती मागवायची आणि तिच्यातले सूक्ष्मजीव वाढवून बघायचे, हे त्यांचे काम. मिसुरी विद्यापीठाच्या एका शेतातून आलेल्या मातीत त्यांना १९४५ मध्ये सोनेरी रंगाचा एक सूक्ष्मजीव सापडला. त्यापासून मिळालेले प्रतिजैविक १९४८ मध्ये ऑरिओमायसिन या नावाने जाहीर झाले. टेट्रासायक्लिन कुळातले हे पहिले औषध. त्या काळात लेडर्लेच्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातले येल्लाप्रगडा सुब्बाराव.

त्याच कंपनीत स्टॉकस्टॅड आणि ज्यूक्स हे दोघे कोंबड्यांच्या आहारावर काम करत होते. केवळ वनस्पतिज खाद्यावर कोंबड्या नीट वाढत नाहीत, त्यांना प्राणिज खाद्यातले ‘काहीतरी’ लागते, हे माहीत होते. ते काहीतरी म्हणजे ब-१२ जीवनसत्त्व, हेही १९४८ मध्ये उलगडले. आता त्याचा स्वस्त साठा हवा होता. ऑरिओमायसिन तयार केल्यावर जो चोथा उरतो त्यात ब-१२ असते, म्हणून दोघांनी तो कोंबड्यांना घालून पाहिला. कोंबड्या वाढल्या, पण ब-१२ मुळे वाढायला हव्यात त्यापेक्षा जास्त! चोथ्यात उरलेल्या किंचित ऑरिओमायसिनचा तो परिणाम होता. १९५० मध्ये ही बातमी जाहीर झाली. डुकरांवरही तोच प्रयोग यशस्वी झाला. १९५१ मध्ये अमेरिकेत पशुवैद्याच्या चिठ्ठीशिवाय खाद्यात प्रतिजैविके घालायला परवानगी मिळाली आणि १९५३ मध्ये ब्रिटननेही वाट मोकळी केली. एका टन खाद्यात काही ग्रॅम औषध पुरे होई. रोग बरा करायला लागते त्याच्या मानाने ही मात्रा फारच थोडी.

इथे थांबून विचार करायला हवा. ऑरिओमायसिन काही कुणी प्रयोगशाळेत रचलेला कृत्रिम पदार्थ नव्हता. शेतातल्या मातीतल्या सजीवाने तयार केलेले ते द्रव्य होते, ओव्यातल्या थायमॉलइतकेच नैसर्गिक. उलट आज बाजारात मिळणारे बरेचसे थायमॉल क्रेसॉल या खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनापासून कारखान्यात बनवलेले असते! ‘रासायनिक प्रतिजैविके’ विरुद्ध ‘नैसर्गिक पूरके’ अशी मांडणी जाहिरातीत छान दिसते, पण ती प्रश्नाला भिडत नाही.

डुकरे वाढत का होती?

थोड्याशा प्रतिजैविकाने जनावर जोमाने का वाढते, याचे पूर्ण उत्तर सोपे नाही. पण एक धागा स्पष्ट आहे. पूर्णपणे निर्जंतुक वातावरणात वाढवलेल्या कोंबड्यांना प्रतिजैविक घातले, तर काहीच फरक पडत नाही. नव्या, स्वच्छ जागेत फरक थोडा पडतो. जुन्या, गर्दीच्या, वर्षानुवर्षे जनावरे ठेवलेल्या जागेत तो सर्वांत जास्त पडतो. याचा अर्थ असा की औषध जनावराला काही जास्तीचे देत नव्हते. गर्दी आणि घाण यांनी आतड्यातल्या जंतूंमार्फत जनावराकडून जो कर वसूल केला जात होता, तो ते कमी करत होते.

डुकरांच्या बाबतीत या कराचा सर्वांत जड हप्ता दूध तोडण्याच्या वेळी येतो. मोकळ्या वातावरणात डुकरीण आपल्या पिलांना हळूहळू दुरावते आणि तीन-चार महिन्यांनी दूध पूर्ण तुटते. औद्योगिक वराहपालनात ते तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच तोडतात, कारण मादी लवकर माजावर यायला हवी. एका दिवसात पिलाची आई जाते, दूध जाते, जागा बदलते, अनोळखी पिले शेजारी येतात आणि समोर कोरडे पीठ येते. पिलू एक-दोन दिवस धड खातच नाही. आतड्याच्या आतल्या अस्तरावर अन्न शोषणारे जे बोटांसारखे उंचवटे असतात ते या उपासाने आखडतात. जठरातले आम्ल अजून पुरेसे तयार होत नसते, त्यामुळे अन्नाबरोबर गेलेले जंतू मरत नाहीत. दुधातून मिळणारी संरक्षक प्रथिने बंद झालेली असतात. मग एका वेळी भूक लागून पिलू भसाभस खाते, न पचलेले अन्न खालच्या आतड्यात उतरते आणि तिथे कोलाय जातीचे जिवाणू माजतात. पिलांना हगवण लागते आणि काही दगावतात.

खाद्यातल्या प्रतिजैविकाने हे संकट झाकून ठेवले होते. झाकून ठेवले असेच म्हणायला हवे, कारण दूध लवकर तोडण्याची रीत त्याच आडोशाला वाढली.

दाद न देणारे जिवाणू

इशारे पहिल्यापासून मिळत होते. टर्की पक्ष्यांना स्ट्रेप्टोमायसिन चारले की त्यांच्या आतड्यातले जिवाणू त्या औषधाला दाद देईनासे होतात, हे १९५१ मध्येच छापून आले होते. १९५९ मध्ये जपानमध्ये ओचिआई आणि आकिबा यांनी त्याहून गंभीर गोष्ट दाखवली. औषधाला दाद न देण्याचा गुण एका जातीचा जिवाणू दुसऱ्या जातीच्या जिवाणूला देऊ शकतो. आतड्यातला निरुपद्रवी कोलाय हा गुण शेजारून जाणाऱ्या आमांशाच्या जिवाणूला देतो. डुकराच्या पोटात तयार झालेला प्रतिकार त्या डुकरातच राहील, ही समजूत इथे कोसळली.

ब्रिटनमध्ये १९६९ मध्ये स्वान समितीने शिफारस केली की माणसांच्या उपचारात लागणारी प्रतिजैविके वाढीसाठी खाद्यात घालू नयेत, खाद्यासाठी वेगळी ठेवावीत. वाचायला शहाणपणाची वाटणारी ही सूचना पुढे फसली. ॲव्होपार्सिन हे औषध माणसांना देत नसत, म्हणून ते खुशाल खाद्यात घातले गेले. पण त्याची रचना व्हँकोमायसिनच्या रचनेशी मिळतीजुळती होती, आणि व्हँकोमायसिन हे रुग्णालयातले राखीव अस्त्र. १९९० नंतर युरोपातल्या डुकरांत आणि कोंबड्यांत व्हँकोमायसिनला दाद न देणारे जिवाणू सापडू लागले. जिवाणूला औषधाचे नाव वाचता येत नाही, तो फक्त रेणूचा आकार ओळखतो.

अमेरिकेत स्ट्युअर्ट लेव्ही यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग शाळेत सांगण्याइतका सरळ आहे. एका शेतावर तीनशे कोंबड्या आणल्या. निम्म्यांना टेट्रासायक्लिनयुक्त खाद्य, निम्म्यांना साधे. काही दिवसांतच पहिल्या गटाच्या विष्ठेत त्या औषधाला न जुमानणारे जिवाणू भरले. काही महिन्यांत ते शेतावर राहणाऱ्या कुटुंबातल्या माणसांतही दिसू लागले. त्या माणसांनी ते औषध घेतलेले नव्हते.

स्वीडनने १९८६ मध्ये वाढीसाठी प्रतिजैविके वापरायला बंदी केली. पहिली काही वर्षे कठीण गेली, दूध तुटलेल्या पिलांची हगवण वाढली आणि उपचारासाठी औषधे अधिक लागली. डेन्मार्कने १९९५ मध्ये ॲव्होपार्सिन बंद केले आणि २००० पर्यंत उरलेली सर्व वाढवर्धके थांबली. तिथेही लहान पिलांचा त्रास वाढला, पण एकूण हिशेब पाहा. १९९४ मध्ये डेन्मार्कमध्ये अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना सुमारे २०६ टन प्रतिजैविके दिली गेली होती, २००१ मध्ये सुमारे ९४ टन. डुकरांचे उत्पादन कोसळले नाही. १ जानेवारी २००६ पासून ही बंदी सगळ्या युरोपीय संघात लागू झाली.

मधल्या काळात लहान पिलांची हगवण थोपवली ती आपल्या त्या दुसऱ्या फुलाने. जस्तफूल, म्हणजे झिंक ऑक्साइड, टनाला अडीच-तीन किलो घातले की हगवण आटोक्यात येते, असे १९९० च्या सुमारास डेन्मार्कमध्ये आढळले होते. पण जस्त बहुतेक सगळे शेणातून बाहेर पडते आणि शेतजमिनीत साठते. शिवाय जस्त सहन करू शकणाऱ्या जिवाणूंत प्रतिजैविकांना न जुमानण्याचे गुणही पुष्कळदा जोडीने असतात. जून २०२२ पासून युरोपात औषध म्हणून जस्तफूल वापरणेही बंद झाले.

ओवा परत येतो

आता जागा रिकामी झाली आणि उमेदवार रांगेत उभे राहिले. फॉर्मिक, ब्युटिरिक यांसारखी सेंद्रिय आम्ले, ताकातल्या जिवाणूंचे भाऊबंद, लसूण, हळद, दालचिनी, आणि थायमॉल-कार्व्हाक्रॉल असलेली तेले. यांतली आम्ले बऱ्यापैकी भरवशाची आहेत, कारण पिलाच्या जठरात आम्ल कमी असते आणि ती उणीव ती सरळ भरून काढतात. ताकातल्या जिवाणूंचे फळ जातीजातीनुसार आणि गोठ्यागोठ्यानुसार बदलते. ओव्याची गोष्ट अधिक सावकाश पाहू.

थायमॉल जिवाणूच्या बाहेरच्या पातळ पटलात शिरते. हे पटल स्निग्ध पदार्थाचे असते आणि थायमॉल स्निग्ध पदार्थात विरघळते हे आपण पाहिलेच आहे. शिरल्यावर ते पटलाची वीण सैल करते. आतले पोटॅशियम बाहेर गळू लागते, पेशीला ऊर्जा साठवता येत नाही आणि जिवाणू मरतो. एखाद्या विशिष्ट कुलपाला किल्ली लागावी तसे प्रतिजैविक काम करते. थायमॉल भिंतीलाच भगदाड पाडते. म्हणून त्याला चुकवणे जिवाणूला तुलनेने अवघड जाते.

काचपात्रात हे सगळे उत्तम जमते. डुकराच्या पोटात अडचणी सुरू होतात, आणि पहिली अडचण शंभर वर्षांपूर्वीची तीच. पिलाने खाल्लेले थायमॉल जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीलाच रक्तात शोषले जाते. कोलाय जिवाणू असतात त्याच्या पुढे. तिथे पोचेपर्यंत हाती फारसे उरत नाही. मात्रा वाढवावी, तर जिवाणू मारायला आतड्यात जेवढी तीव्रता हवी तेवढी खाद्यात घातल्यावर वासाने पिले खाद्याला तोंडच लावत नाहीत. म्हणून थायमॉलचे कण चरबीच्या कवचात बंद करून देतात, म्हणजे कवच पुढे आतड्यात गेल्यावर पचते. एरंडेल नको म्हणणाऱ्या त्या जुन्या डॉक्टरांना ही युक्ती पाहून मौज वाटली असती.

प्रत्यक्षात घालतात ती मात्रा टनाला साधारण पन्नास ते दोनशे ग्रॅम. हिशेब वर्गात करता येईल. ओव्याच्या दाण्यात दोन ते चार टक्के तेल असते आणि त्या तेलात साधारण निम्मे थायमॉल. तेलाचे प्रमाण तीन टक्के धरले तर एक किलो ओव्यातून पंधरा ग्रॅमच्या आसपास थायमॉल मिळेल. मग टनभर खाद्यासाठी शंभर ग्रॅम हवे असेल तर साडेसहा-सात किलो ओवा लागेल. ओव्याचा बाजारभाव मुलांनी दुकानातून आणायचा आणि खर्च काढायचा. कारखान्यातले थायमॉल लोक का घेतात, हे त्यांचे त्यांनाच कळेल.

आणि परिणाम? काही प्रयोगांत पिले थोडी बरी वाढतात, हगवण कमी होते, आतड्याचे अस्तर सुधारते. काही प्रयोगांत काहीच दिसत नाही. प्रतिजैविकाची जागा एकट्याने घेईल असे एकही पूरक अजून हाती आलेले नाही, आणि लवकर येईल असे मला वाटत नाही. स्वच्छ गोठ्यातल्या, उशिरा दूध तोडलेल्या पिलांना पूरकांचा हातभार लागतो. गर्दीच्या, ओल्या गोठ्यात ती पैसे वाया घालवतात.

खानदेशात पाहिले तर

आपल्याकडे वराहपालनाचा पसारा मोठा नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यांत सर्वाधिक आसामात. मराठी मुलुखात वसईत आणि गोव्यात डुकरे पाळण्याची जुनी घरगुती परंपरा आहे. गोव्याच्या ‘आगोंद गोवन’ या देशी डुकराला स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यताही मिळाली आहे. खानदेशात हा व्यवसाय थोड्या समाजांच्या हाती राहिला. पिंप्राळा पूर्वी जळगावच्या बाहेरचे गाव होते, आता महापालिकेच्या हद्दीत आहे. अशा गावाचे शहर होत असलेल्या वस्त्यांत नाल्याच्या कडेने हिंडणारे डूकर हेच बहुतेकांनी पाहिलेले असते. त्याला कुणी औषधी खाद्य घालत नाही.

म्हणून हा प्रश्न आपला नव्हे, असे मात्र नाही. आपल्याकडे डुकरांची जागा कोंबड्यांनी घेतली आहे. खानदेशातले नवापूर २००६ च्या फेब्रुवारीत देशाला माहीत झाले ते तिथल्या कोंबड्यांत भारतातला पहिला बर्ड फ्लू सापडला म्हणून. एका तालुक्यात किती लाख पक्षी दाटीने वाढवले जातात, हे त्या वेळी लोकांना प्रथमच कळले. दाटी आली की तोच कर येतो आणि तोच आडोसा शोधला जातो. कोलिस्टिन हे औषध आपल्या रुग्णालयांत इतर सगळी औषधे हरल्यावर वापरतात. ते आपल्याकडे कुक्कुटखाद्यात वाढीसाठी घातले जात होते. चीनमध्ये २०१५ मध्ये डुकरांत कोलिस्टिनला दाद न देण्याचा, एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकणारा जनुक सापडला आणि जगभर खळबळ उडाली. चीनने कोलिस्टिनचा हा वापर २०१७ मध्ये बंद केला, आणि भारत सरकारने जुलै २०१९ मध्ये अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत कोलिस्टिन वापरण्यास बंदी घातली. तोपर्यंत अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांजवळचे ते शेवटचे औषध कोंबड्यांच्या पिशवीबंद खाद्यात मिळत होते, हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे असे आहे.

वर्गात ओव्याचे फूल दाखवायचे असेल तर एक सोपा प्रयोग आहे. ओव्याचे फूल, पुदिन्याचे फूल आणि कापूर हे तिन्ही पांढरे घन पदार्थ सारख्या प्रमाणात एका कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवा. काही मिनिटांत बाटलीत पाण्यासारखा द्रव दिसतो. पाणी तर घातलेच नव्हते! मिश्रणाचा विलयबिंदू प्रत्येक घटकापेक्षा खाली येतो, म्हणून हे घडते. घराघरांत पोटदुखीवर बाळगतात ते ‘अमृतधारा’ हेच. स्फटिकांना बोट लावून तेच बोट डोळ्याला लावू देऊ नका, थायमॉलने चांगलीच आग होते.

पिले दुधापासून कधी तोडायची, याला युरोपात आता कायदा आहे. साधारणपणे २८ दिवसांच्या आत नाही. खास स्वच्छ, वेगळी जागा असेल तर २१ दिवसांनी. प्रतिजैविके गेल्यावर स्वीडनमध्ये हे वय आणखी वाढवले गेले, आणि पिलांना त्याचा उपयोग कोणत्याही पूरकाइतकाच झाला. आपल्याकडच्या वराहपालनाच्या जुन्या पुस्तकांत दूध तोडण्याचे वय आठ आठवडे दिलेले असते. पिंप्राळ्याच्या नाल्याकाठची डुकरीण अर्थातच ते पुस्तक न वाचता, पिलांचे दात टोचू लागले की स्वतःच उठून चालू लागते.